स्फोटानंतरचा उजेड आणि फिजिक्सबाई

लालबागच्या आमच्या मंडळाचा देखावा माझ्या हातून उभा राहिला तो फिजिक्सबाईंमुळे. हे आधी सांगतो, बाकीचं मागाहून. शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी चाळीत त्यांना याच नावाने ओळखत. तुम्ही काहीही सांगा, त्या चष्मा कपाळावर सरकवून विचारणार, "मग पुढे?" कोळीण म्हणाली, "बाई, पापलेट संपलं," तरी तेच. ती हसायची, "पुढे काय, बांगडा घ्या!"

मी विदर्भातल्या वाशीमहून आलेला वायरमन. पहिल्या भेटीत "नववीतून शाळा सोडली" म्हणालो आणि मान खाली घातली. "मग पुढे?" एवढंच. का सोडलीस, हे न विचारणारं माणूस मला पहिल्यांदाच भेटलं.

त्या गणपतीला देखाव्याचा विषय बाईंनी दिला: अवकाशातला गॅमा किरणांचा स्फोट. लायटिंग पहिल्यांदाच माझ्या एकट्याकडे. अध्यक्षांनी बजावलं, "पहिल्या दिवशी पब्लिक थांबलं नाय, तर उद्या जुना माणूस बोलावणार. काय समजलास?" हे काम गेलं तर मुंबईत मला कोण दारात उभं करणार?

मी दिवे एकामागून एक लावले होते. पांढरा लखलखाट, मग जांभळा, पिवळा, लाल. बाई खुर्ची टाकून बसल्या. "अरे, सिग्नल आहे का हा? स्फोट थोडक्यात आटपतो. पण त्यातून सुटलेला झोत भोवतालच्या विरळ वायूवर आदळतो आणि तिथून सगळ्या जातींचा उजेड एकदमच निघतो. क्ष-किरण, डोळ्यांना दिसणारा, रेडिओ लहरी. झोत मंदावतो तसा उजेडाचा जोर क्ष-किरणांकडून खाली रेडिओकडे सरकतो. क्ष-किरण ओसरतात, दिसणारा उजेड उतरतो. रेडिओ मात्र सावकाश चढतो आणि महिनोन्महिने रेंगाळतो." मग क्ष-किरणांचा जांभळा, दिसणाऱ्या उजेडाचा पिवळा, रेडिओचा लाल, अशा प्रत्येक रंगाला मी उजेड कमीजास्त करणारा वेगळा डिमर बसवला. न दिसणाऱ्या उजेडाला रंग आम्ही दिलेत, अशी पाटीही त्यांनी लावून घेतली. "खोटं नको हं."

पहिल्याच खेळाला सगळं फसलं. लखलखाटानंतर क्षणभर अंधार ठेवला होता. आणि आमच्याकडे अंधार झाला की देखावा संपला! कार्यकर्ते सवयीने ओरडले, "चला, चला, पुढे चला!" रिकाम्या मांडवात माझे दिवे एकटेच पेटत राहिले. अध्यक्षांनी फोन कानाला लावला.

तेवढ्यात बाईंनी माईक घेतला. नवी रांग आत आली, लखलखाट झाला, अंधार पडला, आणि वर्गातला तो खणखणीत आवाज आला, "कुणी हलायचं नाही! स्फोट झाला. मग पुढे?"

रांगच काय, कार्यकर्तेही जागच्या जागी थबकले. मी डिमर फिरवले. जांभळा उसळला, त्याच्या पोटात पिवळा, तळाशी मिणमिणता लाल. जांभळा ओसरला, पिवळा उतरला, आणि आता संपलंच असं वाटत असताना लाल चढत चढत मांडवभर पसरला. "आई, अजून आहे, अजून आहे!" एक पोरगी किंचाळली. टाळ्या थांबेनात. अध्यक्ष फोनवर म्हणाले, "येऊ नको रे. आमचा वायरमन हाय इथे." विसर्जनापर्यंत प्रत्येक अंधारात रांगच ओरडायची, "मग पुढे?"

चाळ पाडायला निघाली तशा बाई मुलाकडे अँटॉप हिलला गेल्या. टेम्पोत चढता चढता मला विचारलंच, "मग पुढे?" मी त्यांची खुर्ची तेवढी वर चढवून दिली.

आता परळच्या रात्रशाळेत दहावीला बसतोय. धास्ती आहेच. पण निकाल हातात पडला की घरी कळवायच्याही आधी अँटॉप हिल गाठीन. बाई, तुमचं देणं मी असंच फेडणार आहे: तुम्ही चष्मा वर सरकवायच्या आत, पुढचं सांगून.