सकाळच्या फ्लॅटमधली सावली

आमच्या घरामागचा कोठा बैल विकल्यापासून रिकामा होता. नवऱ्याने त्याच्या अर्ध्या छपराला चाकं बसवली. पत्र्याच्या टिना मागे ढकलल्या की वरचं आकाश उघडं. त्यात माझी दुर्बीण होती, जाड नळीची, आतल्या तळाशी आरसा असलेली. नागपूरच्या एका निवृत्त इंजिनिअरकाकांनी वापरलेली दुर्बीण मला दिली होती आणि तिच्यातून फोटो कसे काढायचे तेही फोनवर शिकवलं होतं. मी लाखनीत अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते. माहेर गोंदियाकडचं, म्हणजे एका जिल्ह्याचे दोन झाल्यावर दुसऱ्या जिल्ह्यात गेलेलं. सासर इथलं, लाखनीजवळच्या खेड्यातलं, धानाच्या बांध्यांमधलं.

लवकर येणारा हलका धान कापून त्याची पोती कोठ्याच्या एका कडेला लागली होती, आकाश धुतल्यासारखं होतं. मी देवयानी दीर्घिकेचा फोटो घेत होते. अशा फोटोला एक जोडफोटो लागतो, त्याला फ्लॅट म्हणतात. दुर्बिणीच्या तोंडावर पांढरं कापड ताणायचं आणि सारख्या उजेडात त्या कोऱ्या पांढऱ्याचा फोटो घ्यायचा. धुळीचे डाग, काळवंडलेल्या कडा, जे काही दोष दुर्बिणीचे असतील ते त्यात उमटतात. मग संगणक आकाशाच्या फोटोतून तेवढेच दोष काढून टाकतो. दुर्बीण रात्री जशी होती तशीच फ्लॅटच्या वेळी असायला हवी, एवढीच अट.

मी फ्लॅट सकाळी घेत असे. नळी आडवी करायची, तोंड पूर्वेच्या दाराकडे, आणि तोंडावर सासूबाईंची विहारात वंदनेला नेसायची पांढरी साडी.

"माह्या वंदनेची साडी हाय ते," त्या दारातून म्हणाल्या. "दुर्बिणीले कायले नेसवून राहिली?"

"आई, एवढं पांढरं दुसरं कापड नाही घरात. दहा मिनिटं."

"डाग पडला तं पाह्य मंग."

डाग पडला, पण फोटोत. फ्लॅट लावल्यावर दीर्घिकेची एक बाजू सुरेख आली आणि दुसऱ्या बाजूचं आकाश भगभगीत पांढरं झालं, जणू तिथे कुणी बॅटरी मारली होती. याचा अर्थ फ्लॅटमध्ये ती बाजू काळी होती. रात्रीच्या फोटोत नसलेला काळेपणा संगणक तिथून पुसत होता, म्हणून तिथे जास्तीचा उजेड चढत होता.

मला वाटलं, साडीला घडी पडली असेल. दुसऱ्या दिवशी इस्त्री करून दुहेरी ताणली. तेच. तिसऱ्या दिवशी दुपारी कॉलेजातून आल्यावर कॅमेरा काढून काच पुसली. नळीच्या आत काळा कागद चिकटवलेला असतो, तो सुटून लोंबतोय का ते बघायला तोंडातून हात घातला, खांद्यापर्यंत. आत अंधार होता. जिथवर बोटं पोचली तिथवर कागद नीट होता. पलीकडचं मला दिसत नव्हतं आणि मी बॅटरी आणायला गेले नाही. चहा ठेवला होता.

त्याच संध्याकाळी दिवे लागायच्या वेळी फ्लॅट घेतले, ते अगदी निर्मळ आले. मला इतका आनंद झाला की मी नवऱ्याला हाक मारून वावरातून बोलावून घेतलं. पण सकाळी पुन्हा घेतले, तर पुन्हा काळी बाजू.

काकांना फोन केला. ते म्हणाले, "कापड विसरा. संध्याकाळ आणि सकाळ, या दोहोंमध्ये तुमच्या दुर्बिणीत काय बदलतं, तेवढंच शोधा."

"काहीच बदलत नाही काका. रात्रभर मी तिथेच असते."

"काहीतरी बदलतं. एकेक फ्लॅट वेगळा उघडून बघा. सरासरी बघू नका."

त्या सकाळी साडी अजून बांधलेलीच होती. मी कोठ्यातच चटईवर लॅपटॉप घेऊन बसले आणि वीस फ्लॅट एकामागून एक झरझर पुढे सरकवले. पहिल्या बारांत काळी कड एकाच जागी होती. तेराव्यात ती थोडी वर होती. सोळाव्यात खाली.

सावली हलत होती.

वारा नव्हता. साडीचा काठसुद्धा स्थिर होता. मी नवऱ्याला बोलावलं. तो दात घासत आला. मी साडीची गाठ सोडली आणि त्याने मोबाईलची बॅटरी नळीत मारली.

काळं, चकचकीत, अंगावर बारीक पांढरे पट्टे. नळीच्या मधोमध, खालच्या अंगाला, वेटोळं करून.

"मागं हो," तो म्हणाला. तोंडातला फेस तसाच. "हात नोको लावू. मागं हो म्हनतो ना."

त्याने दंड धरून मला बाहेर ओढलं. सासूबाई साडी न्यायला येत होत्या. मी त्यांच्यापुढे हात आडवा केला.

लाखनीहून साप पकडणारा माणूस यायला तासभर लागला. तो तासभर आम्ही अंगणात उभेच होतो, कुणी बसलं नाही. त्याने लांब आकडी आत घातली, साप बरणीत घेतला आणि बरणी उजेडात धरली.

"मण्यार हाय मॅडम. सगळ्यात जहरी. चावली तं समजत बी नाही, मुंगी चावल्यावानी."

माझ्या वर्गातली एक मुलगी अशीच गेली होती. जमिनीवर झोपली होती, सकाळी उठली नाही. हजेरीत तिच्या नावापुढची रिकामी चौकट मी वर्षभर बघितली होती.

"आत शिरली कशी?" नवऱ्याने विचारलं.

साप पकडणाऱ्याने नळीचं बूड दाखवलं. आरसा थंड ठेवणारा तिथला छोटा पंखा बिघडला म्हणून मी पावसाळ्यात काढला होता. त्या भोकातून आरशाच्या कडेनं दोन बोटं फट होती. "कोठ्यात धान भरला, उंदरं आले, त्याईच्या मागं हे. दिवसा इथं निजे, अंधार पडला का चरायले निंघे. पहाटे वापस."

"निघून जाते कुठं?" मी विचारलं.

"कुठं मंजे? इथंच. खालीच फिरत असन."

मला तेव्हा कळलं. संध्याकाळचे फ्लॅट निर्मळ आले, कारण तोवर ती बाहेर पडली होती. दीर्घिकेचे फोटो निर्मळ यायचे, कारण रात्रभर ती नळीत नव्हती. ती माझ्यासोबत कोठ्यात होती. मी खाली चटईवर बसलेली, अनवाणी, कधी डुलकी लागली की तिथेच आडवी. आणि त्या दुपारी माझी बोटं तिच्यापासून किती अंतरावर थांबली होती? मी मोजायचा प्रयत्न केला आणि थांबले.

मला रडू आलं नाही. दोन दिवस मी व्यवस्थित जेवले, शिकवलं, पेपर तपासले. तिसऱ्या दिवशी वर्गात आरशाच्या आकृतीत किरण काढताना मी हात एकदम मागे ओढून घेतला. खडू पडला. मुली म्हणाल्या, "मॅडम, काय झालं?" मी खुर्चीवर बसले, आणि तास संपेपर्यंत मला उठता आलं नाही.

महिनाभर मी कोठ्यात पाऊल टाकलं नाही. त्या दिवसांत नवऱ्याने धानाची पोती घरात हलवली, खाली फरशी घातली, भोकाला तारेची जाळी ठोकली. सासूबाईंनी साडी तीनदा उकळून धुतली आणि तरी पुन्हा नेसली नाही. शेवटी त्यांनीच ती फाडून अर्धी मला आणून दिली.

"घे," म्हणाल्या. "आता खाटेवर बसत जाजो. अन् आधी आत पाह्यत जाजो."

दीर्घिकेचा तो फोटो संध्याकाळचे फ्लॅट लावून पूर्ण केला. चांगला आलाय. काकांना पाठवला तर ते म्हणाले, कडेपर्यंत एकसारखं आकाश आहे. त्या सकाळचे वीस फ्लॅट मी पुसलेले नाहीत. पुन्हा उघडूनही बघितलेले नाहीत.