खिडकीबाहेरचा हात

"इंडिकेटर कोन बघतं, बाई? हात बघत्यात," असं म्हणून ते उजवा हात कोपरापर्यंत खिडकीबाहेर काढायचे आणि पंजा पालथा करून हलकेच खाली दाबायचे. मागून येणाऱ्या ट्रकच्या डोक्यावर हात ठेवून त्याला खाली बसवताहेत असंच वाटायचं. आणि ट्रक खरोखर बसायचा.

रस्त्याच्या कडेने कोणी चालताना दिसलं, डोक्यावर लाकडांची मोळी घेतलेली बाई असो, शाळेची पोरं असोत की कोणाच्या शेळ्या, की तो हात बाहेर यायचा. मग गाडी सावकाश उजवीकडे सरकायची, चालणाऱ्याला ऐसपैस जागा मिळायची आणि हात आत यायचा. कर्जतहून चौक, खालापूर, मोहोपाडा या रस्त्यांवर सतरा वर्षं मी मागच्या सीटवरून तो हात पाहिला.

रेवा, ईशान, तुम्ही त्यांना ड्रायव्हरकाका म्हणायचात. इथे मी त्यांचं नाव लिहिणार नाही. लिहायचं तर त्यांना विचारायला हवं होतं, आणि आता ते शक्य नाही. मागच्या महिन्यात फोनवर रेवाने विचारलं, "आजी, काका काम सोडून का गेले?" मी म्हणाले, "वय झालं त्यांचं." ते खरं नव्हतं. खरं काय ते एवढ्याशा पडद्यावर सांगता येईना, म्हणून लिहिते आहे.

तुमचे आजोबा कारखान्यात होते तेव्हा मोहोपाड्याची स्टाफ बस काका चालवायचे. आजोबा निवृत्त झाले, त्यांची नजर कमी झाली, तेव्हा त्यांनी काकांना आमच्या गाडीवर बोलावून घेतलं. काकांचं घर कुंभिवलीच्या पुढे, शेती थोडी, भाऊ मोठा. मी त्यांना दादा म्हणायचे. मी कर्जतच्या शाळेत इंग्रजी शिकवलेलं, त्यामुळे त्यांच्यासाठी मी कायमची "बाई".

त्यांना एकाच गोष्टीचा अभिमान होता. "तीस वर्सं झाली, सायेब. मानसाचं सोडा, कोंबडीला धक्का नाय."

आजोबा म्हणायचे, "याला साक्षीदार कोण?"

"कंच्याबी कोंबडीला इचारा. समद्या जित्त्या हाईत."

आजोबा गेल्यावर वर्षभराने जुनी गाडी विकावी लागली. तुमच्या बाबांनी तिकडून सगळं ठरवून नवी गाडी दारात पाठवली. आईला त्रास होऊ नये म्हणून सगळ्या सोयी असलेली.

पहिल्याच दिवशी त्या सोयींची ओळख झाली. काकांची बायको पूजेला आली होती. तिने बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, काचेवर झेंडूचा हार ठेवला. काकांनी नारळ फोडला, पाणी काचेवर उडालं, आणि गाडीला वाटलं पाऊस आला. वायपर आपोआप उठले, त्यांनी हार उचलला आणि सरळ काकांच्या अंगावर भिरकावला.

"बघा! गाडीनं तुमालाच हार घातला," ती म्हणाली. "माज्यानंतर आता हीच."

"तू तरी इचारून घातला व्हतास," काका म्हणाले.

मग रोज काहीतरी सुरू झालं. रेल्वेच्या फाटकापाशी थांबलो की इंजिन आपोआप बंद व्हायचं, इंधन वाचावं म्हणून. पहिल्या वेळी ते खाली उतरून बॉनेट उघडून बसले. मागे लांबलचक रांग, चार रिक्षावाले सल्ला द्यायला हजर. तेवढ्यात फाटक उघडलं आणि मी आतून ओरडले, "दादा, ती बिघडलेली नाही, विश्रांती घेते आहे!" रिक्षावाले हसत हसत परत गेले. काकांना मात्र ते लागलं. "चालू गाडी बंद पडली तर मानूस उतरनारच ना, बाई."

एकदा पुढच्या सीटवर फणस ठेवला तर गाडी पट्टा लावा म्हणून किंचाळत राहिली. शेवटी फणसाला पट्टा बांधून आम्ही घरी आलो. एकदा ते नळावर बाटली भरायला गेले तर गाडीने स्वतःला कुलूप लावून घेतलं. आत मी. मी पर्स उघडायला हात हलवला तर भोंगा सुरू. कर्जतच्या भर बाजारात मी काचेच्या पेटीत बसलेली आणि भोवती अर्धा बाजार. काका बाटली टाकून धावत आले आणि काचेला तोंड लावून म्हणाले, "बाई, हलू नका! हिला वाटतंय तुमी चोर हाव!"

तुम्हाला हे सांगताना मला अजून हसू येतं. पण तेव्हा मी नुसती हसले नाही, त्यांना शिकवायलाही निघाले. गाडीबरोबर आलेलं जाडजूड इंग्रजी पुस्तक मी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं, रंगीत चिठ्ठ्या लावल्या, वहीत मुद्दे काढले. तुम्हाला माझी सवय माहीत आहे. काका पुढे बसून ऐकायचे आणि मान हलवायचे. सतरा वर्षं ज्यांनी मला एकदाही धक्का बसू दिला नाही, त्यांची मी शिकवणी घेत होते.

सगळ्यात वाईट होती ती रस्त्याची पांढरी रेघ सांभाळणारी सोय. इंडिकेटर न देता गाडी रेघेवर गेली की चाक आपोआप आत ओढलं जायचं. डुलकी लागलेल्या माणसाला वाचवायला ती केलेली आहे, आणि वाचवतही असेल. पण आमच्या काकांचा हात पुढे माणूस दिसलं की खिडकीकडे जायचा, इंडिकेटरच्या दांडीकडे नाही. गाडीला खिडकीबाहेरचा हात दिसत नव्हता.

पहिल्यांदा चाक ओढलं गेलं तेव्हा त्यांनी दचकून शेजारच्या रिकाम्या सीटकडे पाहिलं. कोणीतरी मनगट धरल्यासारखं. मग गाडी कडेला घेऊन म्हणाले, "बाई, ही मला चालनाऱ्याकडंच ढकलती. हिला सांगा, तिथं मानूस हाय."

पुस्तकात ती सोय बंद करायची रीत होती. पण इंजिन पुन्हा सुरू केलं की ती आपोआप चालू व्हायची, आणि पडद्यावरचं सगळं इंग्रजीत. म्हणून आमचा रोज सकाळचा एक नेम झाला. ते गाडी सुरू करायचे, मी मागून वाकून पडद्यावर बोट लावून ती बंद करायचे. ते विचारायचे, "झालं?" मी म्हणायचे, "झालं." मगच गाडी फाटकाबाहेर पडायची.

एके दिवशी तुमच्या बाबांचा फोन आला. गाडी त्यांना तिकडे फोनवर सगळं कळवायची. "आई, ती सोय रोज बंद कोण करतं?"

"मीच. काकांना अडचण होते."

"आई, त्यांचं वय किती? ती तुझ्यासाठी घेतली आहे. मला इथे झोप लागत नाही. प्लीज."

यात तुमच्या बाबांचा दोष नाही, हे नीट लक्षात ठेवा. आईची काळजी मुलाने करायची नाही तर कोणी? मी त्यांना शब्द दिला की उद्यापासून बंद करणार नाही. तो शब्द पाळायला हरकत नव्हती. पण ते मी काकांना सांगायला हवं होतं. ते वाद घालतील, तोंड पाडून बसतील, मला पुन्हा मुलाशी बोलावं लागेल, एवढ्यासाठी मी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी सवयीने वाकले, पडद्यावर कुठेतरी बोट लावलं. त्यांनी विचारलं, "झालं?"

मी म्हणाले, "झालं."

दोन दिवस गावातच फिरलो. हळू वेगात ती सोय काही करत नाही, त्यामुळे त्यांच्या लक्षात आलं नाही. तिसऱ्या दिवशी खालापूरला निघालो. लख्ख सकाळ होती. नव्या डांबरावर नवी पांढरी रेघ. पुढे एक बाई मोळी घेऊन चालली होती. काकांचा हात बाहेर गेला, पंजा दोनदा खाली दाबला, मागचा टेंपो हळू झाला. एका हाताने त्यांनी गाडी उजवीकडे घेतली. ती रेघेपर्यंत गेली आणि झटक्याने परत डावीकडे आली.

आरसा मोळीच्या टोकाला लागला. ती बाई गर्रकन फिरली आणि पडली.

काका माझ्याआधी तिच्यापाशी पोचले. तिच्या अंगावरची लाकडं त्यांनी एकेक करून बाजूला केली. तिला माझ्या शेजारी बसवून दवाखान्यात नेलं. मनगट मोडलं होतं, बाकी ती बरी होती. काकांच्याच गावावरून पुढे डोंगराकडे जी वाडी आहे तिथली ती. तिने काकांना ओळखलं. "तुमी व्हय?" एवढंच ती म्हणाली, रागाने नाही, आश्चर्याने.

दवाखान्याच्या आवारात काका माझ्यापुढे येऊन उभे राहिले. "बाई, सकाली ते बंद केलं व्हतं ना?"

त्यांना शंका आली होती. त्यांना ओढ जाणवली होती. मी एक शब्द बोलायचा होता.

मी म्हणाले, "हो."

भोवती माणसं होती, मी घाबरले होते, पोलीस येतील असं वाटत होतं, हे सगळं मी नंतर स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं. त्यांनी आपले दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले. "मग माजंच हात," ते म्हणाले. "हात गेलं, बाई."

आठवड्याने ते गाडी धुऊन, पुसून गेले ते परत आले नाहीत. मी थांबवलं, तर म्हणाले, "तुमाला घेऊन कुठं आपटलो तर सायबांना काय सांगू?" तुमचे आजोबा जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती.

मी माझ्या वहीत दर सोमवारी लिहायचे, "गुरुवारी कुंभिवलीला जाऊन सांगणे." गुरुवार यायचा. कधी पाय दुखायचा, कधी प्लंबर यायचा. मग मी ती ओळ पुढच्या पानावर उतरवून काढायचे, सुवाच्य अक्षरात. असे नऊ महिने गेले. दूधवाल्याने सांगितलं तेव्हा त्यांचं तेरावंही होऊन गेलं होतं. साध्या तापाचं निमित्त झालं होतं.

त्या गुरुवारी मी रिक्षाने गेले.

त्यांची बायको दारात भात पाखडत होती. तिने सूप खाली ठेवलं, मला आत नेलं, पाणी दिलं. मी बसल्या बसल्या सगळं सांगितलं. माझ्या मुलाला दिलेला शब्द, पडद्यावर लावलेलं खोटं बोट, दवाखान्यातला तो "हो". मी थांबल्यावर ती म्हणाली, "पुतन्याचा टेंपो हाय ना, तो तरी हे चालवायचं. पन थोरल्या दादांनी चावी काढून घेतली. म्हनले, पोरीबालींचा रस्ता हाय, तुजा हात ऱ्हायला नाय. तवापास्नं मोळीवाली बाई वाटनं आली की हे उठून घरात जायचं."

मी म्हणाले, "मला माफ कर."

"त्ये नंतर बघू," ती म्हणाली. "मला सांगून काय उपेग? त्येंचं हात चांगलं व्हतं ह्ये मला ठावंच व्हतं. भायेर चला."

तिने ओट्यावर उभं राहून हाका मारल्या. "ए वैनी, या गं इकडं. ए गं, थोरल्यांना बी आना." शेजारच्या चारपाच बाया आल्या, एक तरुण आला, तो पुतण्या असावा. सगळ्यांत शेवटी काठी टेकत थोरले भाऊ आले आणि पायरीखाली उभे राहिले.

"बोला," ती मला म्हणाली.

मी आयुष्यभर वर्गापुढे उभी राहून बोललेली बाई. पण त्या ओट्यावर मी पायरीकडे बघतच बोलले. मी म्हणाले, "तो अपघात यांच्या हातून झाला नाही. गाडीतली एक सोय चाक ओढते. ती मी रोज बंद करायचे. त्या दिवशी केली नव्हती. त्यांनी विचारलं तेव्हा केली म्हणून खोटं सांगितलं. त्यांचे हात चांगले होते."

एका बाईने पदर तोंडाला लावला. थोरले भाऊ कानामागे पंजा धरून माझ्याकडे पाहत होते. मग त्यांनी पुतण्याला विचारलं, "काय म्हनत्यात?"

पुतण्या सांगायला वाकला, तशी तिने त्याला हाताने अडवलं.

"तू नको," ती म्हणाली. "बाई, थोरल्यांना आयकू आलं नाय. परत सांगा. मोठ्यानं."

मी पायरीवरून खाली उतरले, त्यांच्या कानाजवळ गेले आणि पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.