घुंगरांचं पेट्रोल

बैल विकत घ्यावा तशी मोटार विकत घेणारा माणूस अख्ख्या भंडारा जिल्ह्यात एकच निघाला आणि तो नेमका माझा सासरा व्हावा, हे माझं भाग्य. गोंदिया वेगळा झाल्यापासून आमचा जिल्हा निम्माच उरला आहे, त्यामुळे असा दावा करायला मला फारशी भीती वाटत नाही. नागपूरच्या त्या थंडगार शोरूममध्ये मामाजी, म्हणजे हे माझे सासरे, धोतर सावरत एकेका गाडीभोवती फिरले. चाकांवर थापा मारल्या, वाकून पोटाखालून पाहिलं, बॉनेट उघडायला लावून छाती किती रुंद आहे ते न्याहाळलं. विक्रेता मायलेज, टचस्क्रीन असं काहीबाही सांगत होता. मामाजींचा प्रश्न एकच. "चढावर दम धरते का?" तो म्हणाला, टर्बो आहे काका, पळवायचीच गाडी आहे, चढ तिला कळतसुद्धा नाही. एवढं ऐकलं आणि मामाजींनी खांद्यावरचा दुपट्टा त्याच्या हातावर टाकून, बैलबाजारात करतात तसा, आतल्या आत बोटं दाबत भाव करायला घेतला. तो बिचारा असा लाजला की विचारू नका.

हसू येतं, पण त्या गाडीमागे काय होतं तेही सांगायला हवं. गोसीखुर्दच्या धरणात मामाजींचं गाव गेलं, धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, गेली आणि पवनीजवळच्या पुनर्वसनातल्या रेघेत मांडलेल्या घरांना गोठा नव्हता म्हणून बैलजोडीही गेली. मोबदल्यातून कोणी माडी चढवली, कोणी मुलीचं लग्न लावलं. मामाजींनी मुलीचं लग्न आधीच उरकलं होतं, त्याचा पुरावा मी. त्यांनी गाडी घेतली. "वावराच्या बदल्यात हाच एक जीव उरला माह्याजवळ," ते म्हणत. "हा जगला पायजे."

आणि त्याला जगवायला त्यांनी काही म्हणजे काही कमी केलं नाही. उन्हातून आले की त्याला सावलीत उभं केल्याशिवाय स्वतः पाणी पीत नसत. जोडीदाराविना तो उदास होतो म्हणून मी गेलो की माझी स्कूटर त्याच्या शेजारीच लावायची, असा नियम होता. पोळ्याच्या आदल्या दिवशी समोरच्या दोन्ही दिव्यांवर तूप-हळद चोळून मामाजी हात जोडून म्हणत, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." दुसऱ्या दिवशी बॉनेटवर पुरणपोळी ठेवली जाई आणि शेजारचं कुत्रं ती मोठ्या भक्तिभावाने खाई. सासूबाई चुलीपाशी बसून पुटपुटत, "मले या जन्मात कधी आवतन नाही भेटलं."

आमचा वाद होता तो फक्त खुराकाचा. टाकीच्या झाकणाच्या आत इंग्रजीत साफ लिहिलं होतं की जास्त ऑक्टेनचं, म्हणजे भारी पेट्रोलच टाका. टर्बोच्या इंजिनात दाब मोठा असतो, त्यात साधं पेट्रोल वेळेआधीच भडकतं आणि इंजिनाला मार बसतो. मी ते वाचून दाखवलं, समजावून सांगितलं. मामाजी म्हणाले, "बैल रिकामा बसून हाये, जवाईबापू. त्याले ढेप कायले चारता? नांगराच्या दिवसात चारू." ढेप म्हणजे सरकीची पेंड, कामाच्या बैलाचा भारी खुराक. एकदा ते झोपले असताना मी टाकी भारी पेट्रोलने भरून आणली. दोन दिवसांनी त्यांचा फोन आला, आवाज रडवेला. "जवाईबापू, तो मुका झाला." तेव्हा मला खरं कारण कळलं. साध्या पेट्रोलवर चढ लागला आणि पाय दाबला की इंजिनातून बारीक किणकिण यायची. मामाजींना ती बैलांच्या गळ्यातली घुंगरमाळ वाटायची. तेवढ्यासाठी ते रोज उगाच कालव्याचा चढ चढून येत. हा आजाराचा आवाज आहे असं मी पुन्हा पुन्हा सांगितलं, तर म्हणाले, "काहून भेव दाखवता? बिमार जनावर असं वाजत नाही. बिमार जनावर चूप रायते."

मग एका वर्षी सिहोऱ्याच्या त्यांच्या बहिणीने आपली एक बांधी त्यांना कसायला दिली. इतक्या वर्षांनी हातचं धान! पोती ट्रॅक्टरने आणू म्हटलं तर ऐकेनात. मागची सीट धानाने भरली, एक पोतं माझ्या मांडीवर आलं. आज कामाचा दिवस, आज तरी ढेप चारा, अशी मी आठवण करून दिली. पंपावर क्षणभर थांबून मामाजी म्हणाले, "नाही, साधंच टाक रे. आज त्याले वाजत जाऊ दे." काचा खाली करून आम्ही निघालो आणि मामाजींनी पहिल्यांदाच पाय पूर्ण दाबला. टर्बो फुत्कारला, घुंगरं कधी नव्हेत इतकी वाजू लागली. मामाजी "हो राजा, हो!" म्हणून ओरडत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. इतका सुखी माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. भंडाऱ्याच्या अलीकडे धाडकन आवाज झाला, धूर निघाला आणि गाडी थांबली.

मामाजींनी आधी सगळी पोती उतरवून त्याला ओझ्यातून मोकळं केलं, मला हात लावू दिला नाही. मिस्त्रीने इंजिन उघडून फुटका पिस्टन त्यांच्या हातावर ठेवला. "काका, किणकिण आवाज येत होता ना? त्यानंच खाल्लं याले." मामाजींनी त्या तुकड्याच्या फुटक्या कडेवरून बोट फिरवलं.

"म्हणजे तो कण्हत होता," ते म्हणाले, "अन् मी नाचवून राहिलो होतो."

इंजिन दुरुस्त झालं. त्यानंतर गाडीला कायम भारी पेट्रोल मिळालं, पण मामाजींनी किल्ली माझ्याकडे दिली ती परत मागितली नाही. पुढे त्यांचीच तब्येत उतरत गेली. डॉक्टरांनी आता घरी न्या म्हटलं तेव्हा भंडाऱ्याहून त्यांना पोचवायला मी तीच गाडी काढली. टाकी मी त्या एका दिवसापुरती मुद्दाम साध्या पेट्रोलने भरून घेतली होती. कालव्याच्या चढावर पाय दाबला आणि किणकिण सुरू झाली. मामाजींनी डोळे उघडले. अर्धा चढ ते ऐकत राहिले, आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मला पुढचा रस्ता धड दिसेना. मग त्यांचा वाळलेला हात माझ्या गुडघ्यावर आला.

"बस करा, जवाईबापू," ते म्हणाले. "त्याले तरास होते."

मी पाय उचलला. उरलेला चढ आम्ही हळूहळू चढलो.