पुढून जड बॅट

सॉफ्टबॉलची पोकळ फायबरची बॅट दाखवताना फ्रीगंजच्या दुकानदाराने बजावलं होतं, "भाईसाहब, इसका वज़न आगे है, ताक़तवालों के लिए है." ऑफिसच्या संघात स्वतःला ताकदवान समजणारा मी एकटाच, म्हणून तीच घेतली. नव्या क्रिकेट बॅटला ठोकतात तसं तिला दोन दिवस लाकडी हातोडीने ठोकलं. तिसऱ्या दिवशी आत काहीतरी खुळखुळू लागलं.

बायको म्हणाली, "अहो, ही फुटलीय. समोर माझा भाऊ चेंडू टाकत असतो."

"नवी आहे, बोलणारच," मी म्हणालो.

रविवारी मेहुण्याने चेंडू सावकाश उंच टाकला. मी जीव खाऊन बॅट फिरवली. हातात नुसती मूठ उरली आणि पुढचा तुकडा सणसणत त्याच्या कानाजवळून गेला. तो कान धरून मटकन खाली बसला. मी धावलो. रक्त नव्हतं.

"जिजाजी," तो हळूच म्हणाला, "ताईला तुम्हीच सांगा."