परक्या गायीचं घर

गोठ्यातल्या धुराचा वास आला की मला पोलादपूरची ती संध्याकाळ आठवते. आईचे पाय दिवसेंदिवस निकामी होत होते. मी मुंबईला ज्या प्रयोगशाळेत काम करायचे, तिथेच तिचं रक्त तपासलं होतं. रक्तात मज्जातंतूंना चिकटणारी अँटिबॉडी सापडली, पण ती तिथल्या नेमक्या कोणत्या रेणूला धरते ते कळत नव्हतं, आणि त्यावरच औषध ठरणार होतं. ओटीवर बसून मी आईला हेच समजावत होते, तोवर आमच्या गुरांबरोबर एक परकी गाय अंगणात आली. काका दावं घेऊन धावले. आई म्हणाली, "बांधू नका. सोडा नि मागनं जा. जिथं थांबंल, त्या घरची." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तुमच्यात असं नाय करत?" मला हसू आलं. "असंच करतो, आई. अँटिबॉडी पेशींच्या रसात सोडायची आणि ती ज्याला धरेल, त्याच्यासकट बाहेर ओढायची." पुढे तो रेणू सापडला, औषध लागू पडलं. आता आई स्वतः गोठ्यात जाते आणि ज्यांचं रक्त माझ्याकडे तपासायला येतं त्या पेशंटांची फोनवर चौकशी करते, "परवाची गाय लागली का गो घराला?" कधी कधी मला सांगावं लागतं, अजून फिरतेय.