वास्तूला न कळणारा शब्द
आज मिठाच्या बरणीचा तळ चमच्याने खरवडला आणि तो शब्द ओठांपर्यंत येऊन थांबला. आमच्या पनवेलच्या घरात सासूबाई 'मीठ नाही' असं कधी म्हणू देत नसत. वास्तू तथास्तु म्हणते! जहाजावर नोकरीला असलेल्या माझ्या नवऱ्याने तोडगा आणला. "आई, 'योक' म्हण. आमचा तुर्की कुक म्हणतो, म्हणजे शिल्लक नाही. डेकवरचा मुकादम, सर्बियाचा बोसनही मान उडवून तेच म्हणतो, म्हणजे साफ नाही. सर्बियातून तुर्कांचं राज्य गेलं, शब्द तिकडेच राहिला. आपल्या वास्तूला कुठलं तुर्की कळायला!" मग मीठ योक, गॅस योक, सासूबाईसुद्धा हसत म्हणायच्या. पुढे वादळात त्याचं जहाज बुडालं. काही जण वाचल्याचं कळलं, तशी मी जहाज कंपनीच्या इस्तंबूलच्या ऑफिसात फोन लावला आणि त्याचं नाव पुन्हा पुन्हा ओरडत राहिले. फोनवरच्या माणसाने मागे कुणाला तरी विचारलं. मागून उत्तर आलं, "योक." तो बिचारा इंग्रजी शब्द शोधत राहिला. सासूबाई माझा दंड धरून विचारत होत्या, "काय म्हणाले गं? सांग ना!" आता मीठ संपलं की आम्ही दोघी काहीच बोलत नाही, कोण जाणे, वास्तूला काय काय कळतं.