आखाजीच्या सकाळी बैलांना पाणी कोणी पाजलं?

त्या वर्षी राज्यांची नवी मांडणी चालली होती. बुऱ्हाणपूर कुणाच्या वाट्याला जाणार, यावर आमच्या बुधवारा पेठेतली माणसं सकाळपासून तावातावानं वाद घालत. मला मात्र एकाच प्रश्नानं पछाडलं होतं: माझ्या कादंबरीतल्या शेतकऱ्याचा खून कोणी केला? मी मुलींच्या शाळेत मास्तरीण होते, उन्हाळ्याची सुट्टी होती आणि स्वतःच्या हुशारीवर माझा फार विश्वास होता.

शाहपूरजवळ मामाच्या शेतातल्या घरी जाऊन मी कादंबरी पुरी केली. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सकाळी मालकाचं प्रेत विहिरीत सापडतं. दोर ओला, बैलांचा हौद काठोकाठ भरलेला. म्हणजे बैलांना पाणी पाजायला आलेल्यानंच त्याला ढकललं. आता बैलांना पाणी कोण पाजतो? सालदार, वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी. झाला उलगडा!

रोज दुपारी मी ओसरीवर वाचायची. मामा, मामी, दोन-चार शेजारी ऐकायचे, आणि खांबाला टेकून मामाचा सालदारही. चौदा वर्षं तो मामाकडे होता. कादंबरीतल्या सालदाराला मी त्याचंच लंगडणं दिलं होतं, त्याचीच घुंगरांची काठी. आज लाज वाटते, तेव्हा ते कसब वाटलं होतं. शेवटचं प्रकरण ऐकून तो काठी उचलून निघून गेला.

शेजाऱ्यांना आयतंच सापडलं. "आता विहिरीवर जपून जाय रे भाऊ," असं ते मामाला चिडवू लागले. "भाचीले काही मालूम असल्याबिगर तिनं लिहिलं का?" मामा हसायचा, पण त्याच्या मनात पाल चुकचुकलीच. दरवर्षी आखाजीच्या आधीच तो सालदाराला सांगून टाकायचा, "पुढचं सालही इथंच." यंदा गप्प होता.

"त्याले दुसरं कोन ठेवीन आता?" मामी मला म्हणाली. "तुह्या गोष्टीनं त्याचं घर बसलं, पाह्य."

आखाजीच्या सकाळी बैल हंबरून हंबरून थकले, तरी गोठ्यात कोणी नाही. सालदार कुंपणाबाहेर कडुनिंबाखाली बसलेला. मी धावत गेले. "बैल तहानलेत. आत या ना!"

"कसा येऊ, ताई? साल काल फिटलं. नव्या सालाले बोलावल्याबिगर सालदार आखाजीले कुंपणाच्या मधी पाय ठेवत नाही." मग त्यानं विचारलं, "तुमच्या पुस्तकातल्या सालदाराले कोनी बोलावलंच नव्हतं, मंग तो मधी कसा काय गेला?"

मला शहरातल्या शहाणीला हे ठाऊक नव्हतं, ते एक वेळ ठीक. पण जन्म शेतात घालवलेली सगळी मंडळी, मास्तरीणबाईंनी लिहिलंय म्हणजे खरंच असणार, म्हणून मान डोलवत बसली होती!

मामा स्वतःच बादली घेऊन विहिरीकडे निघाला होता. "मामा, सालदारानं नाही मारलं!" मी ओरडले. "तो त्या दिवशी तिथं असूच शकत नाही!"

"मंग मालकाले मारलं कोनं?"

कुंपणापलीकडून शांतपणे उत्तर आलं, "आखाजीले ज्याच्या हाती बादली, त्यानं. घरचाच मानूस."

मामानं हातातल्या बादलीकडे पाहिलं. मग तो खाली मान घालून कुंपणापर्यंत गेला.

"ये मधी," तो म्हणाला. "पुढचं सालही इथंच."

सालदारानं त्याच्या हातातली बादली घेतली आणि तो लंगडत बैलांकडे गेला.